लाल सोडून

तालमीची पोरं म्हणाली, पेंटर, ब्राझील पायजे.
नुसता झेंडा नको, अख्खा देश काढा,
शनिवारच्या मॅचआधी.
पलीकडच्या गल्लीनं अर्जेंटिना कवाच काढलीया.

भिंत मंगळवार पेठेतली, शिरगुप्प्यांच्या चक्कीची,
वर्षानुवर्षं पीठ धरलेली.
झाडली, चुना मारला, मग पोरीच्या पुस्तकातला नकाशा
चौकटी आखून मोठा करत नेला.
बारा फूट झाले तरी देश मावेना.
उजवा फुगवटा जिथं समुद्रात घुसतो
तिथं लाइटचं मीटर होतं.
मीटरसकट हिरवा केला.
नदी मात्र आयती मिळाली.
वरच्या टाकीची ओल भिंतीत आडवी पसरलेली,
तिला फाटे, फाट्यांना फाटे.
मी नुसती निळी कड दिली.

चिकोडेबाई दळण घेऊन आल्या.
तीस वर्षं भूगोल शिकवलेला, डबा खाली ठेवून म्हणाल्या,
राजधानी किनाऱ्यावर नाही रे, पूस ते.
आत, मोकळ्या माळावर, चार वर्षांत शहर उठवलं.
ज्यांनी उठवलं ते शहराबाहेर राहिले.
मी ठिपका आत सरकवला.
आणि नदी शेजारच्या देशात उगवते,
डावीकडं डोंगराला जागा ठेव.
डावीकडं दराचा बोर्ड होता.
गहू, ज्वारी, नाचणी.
म्हटलं, डोंगर म्हणून चालंल.

झेंड्याच्या निळ्या गोलात पट्टी, पट्टीवर अक्षरं.
मला परकी अक्षरं चित्रासारखीच काढावी लागतात.
अर्थ काय हो बाई?
सुव्यवस्था आणि प्रगती.
म्हणजे साखर कारखान्याच्या गेटवर असतं तसं.

हसल्या नाहीत.
ऊस इकडनंच गेला फिरत फिरत, म्हणाल्या,
आणि आजऱ्याचा काजू तिकडनं आला.
पण तिथला ऊस तोडायला
समुद्रापलीकडनं माणसं आणली जहाजात कोंबून.
चरकात हात सापडला तर तोडायला
कुऱ्हाड शेजारीच ठेवलेली असायची.
साडेतीनशे वर्षं.
हे तुझं घमेलं, ही बादली, तुझा पगार,
हे सगळे त्या जहाजवाल्यांच्या भाषेतले शब्द, गोव्याच्या वाटेनं आलेले.
पगार हा शब्द त्यांनी आपल्याला दिला,
त्या माणसांना नाही.

चक्की थांबली. दळण झालं होतं.
जाता जाता म्हणाल्या, नाव कशावरनं पडलं ठाऊक आहे?
एका लाकडावरनं. उकळलं की लाल सुटतं.
आपल्याकडच्या पतंगाचं सख्खं भावंड.
खरं तर ते नाव आधी आपल्या लाकडाचं होतं.

कुंचला हातातच राहिला.
माझा आजा, बाबालाल रंगारी,
पतंगाच्या ढलप्या रात्रभर भिजत घालायचा.
सकाळी पंचगंगेत लुगडी खळबळली
की पाण्यात तांबडी रेघ जायची
घाटाच्या शेवटच्या पायरीपर्यंत,
आणि आज्याचे हात मरेपर्यंत
नखांच्या मुळाशी लालच राहिले.

ते झाड आहे अजून तिकडं?
तोडून तोडून संपवलं. किनाऱ्यानं कुठं कुठं असंल.

बाई गेल्यावर डबे बघितले.
हिरवा, पिवळा, निळा, पांढरा.
रंगावरनं नाव पडलेला देश,
आणि झेंड्यात तेवढाच रंग नाही.

सही मी नेहमी लालनं करतो.
फुगवट्याखाली, समुद्रात, बारीक, द. रंगारी.
पोरं म्हणाली, हिरव्यात करा की, मॅचिंग होतंय.
म्हटलं, असू दे.
तेवढी असू दे.

शनिवारी कोण जिंकलं ते पेठेला विचारा.
चक्कीची टाकी परत गळाय लागली,
नदी दोन बोटं रुंद झाली.
मी कड बदललेली नाही.